पुणे लोकसभा : माणूस बघून मत, की वारा बघून?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी एका मुंजीच्या पंगतीत शेजारचे काका मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता म्हणाले, "पुण्याचे खासदार म्हणजे पूर्वी काय एकेक माणूस! काकासाहेब गाडगीळ, नानासाहेब गोरे, एसेम जोशी. लोक माणूस बघून मत द्यायचे. आता काय, चिन्हाला मत." आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण जिलबीचं ताट त्यांच्याच बाजूने येत होतं. घरी आल्यावर मात्र १९५२ पासूनची यादी काढून बसलो आणि डोलावलेली मान परत घ्यावीशी वाटली.

माझं म्हणणं असं: पुण्याने माणूस बघून मत कधीच दिलं नाही. वारा बघून दिलं. वाऱ्यावर कधी थोर माणूस बसलेला होता, कधी बरा, कधी नुसताच बसलेला.

१९५७ बघा. काकासाहेब म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री, तुरुंग भोगलेले, विद्वान. मुंबईसह महाराष्ट्राची बाजू त्यांनी काँग्रेसमध्ये राहूनही लोकसभेत मांडली होती. तरी पुण्याने त्यांना पाडलं. कारण एकच, काँग्रेसची बैलजोडी. समोर झोपडीवर, म्हणजे प्रजासमाजवादी पक्षाच्या चिन्हावर, नानासाहेब गोरे. नानासाहेब थोर होतेच, गोव्याच्या सत्याग्रहात जाऊन पोर्तुगीजांच्या तुरुंगातून आलेले. पण दोन थोर माणसांपैकी एकाला निवडताना पुण्याने थोरवी मोजली नाही, बॅनर मोजला.

१९६२ तर त्याहून मासलेवाईक. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली, हजारो संसार रस्त्यावर. त्यानंतर सातेक महिन्यांनी मतदान. निवडून कोण आलं? सत्ताधारी काँग्रेसचे शंकरराव मोरे. हे मोरे शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) संस्थापकांपैकी एक, १९५२ ला सोलापूरकडून शेकापचे खासदार झालेले, नंतर काँग्रेसमध्ये आलेले. महाराष्ट्र मिळाला होता, यशवंतराव मुख्यमंत्री होते, वारा फिरला होता. अंगणातला चिखल वाळायच्या आत पुण्याने बैलजोडीवर शिक्का मारला.

मोहन धारिया १९७१ ला काँग्रेसच्या गाय-वासरावर निवडून आले, १९७७ ला जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर. दोन्ही वेळा वाऱ्याबरोबर. आणि अलीकडचा सगळ्यात बोलका दाखला भाजपच्या अनिल शिरोळ्यांचा. २००९ ला काँग्रेसच्या सुरेश कलमाडींकडून पंचवीसेक हजारांनी हरले. २०१४ ला तेच शिरोळे ३ लाख १५ हजारांनी जिंकले. मधल्या पाच वर्षांत शिरोळे बदलले होते का? बदललं ते दिल्लीतलं हवामान.

तेव्हा "पूर्वी लोक माणूस बघायचे" हे बंद करू या. बोला.


आकडेमोड

पर्वतीपायथा, धागा झकास, निष्कर्ष घाईचा. यादी काढलीत, पण शेजारी महाराष्ट्राची यादी ठेवली नाहीत. ती ठेवली की गंमत दिसते.

१९६७: महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ३७ जागा काँग्रेसच्या. पुण्याने एस. एम. जोशींना पाठवलं, संयुक्त सोशलिस्ट पक्षाच्या.

१९९१: राजीव गांधींच्या हत्येच्या सावटाखालची निवडणूक. महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी ३८. भाजपला सगळ्या राज्यात मिळून ५. त्या पाचांत एक पुणे, अण्णा जोशी. पडले कोण, तर तीन वेळा निवडून आलेले बॅरिस्टर विठ्ठलराव गाडगीळ.

१९९६: आता शिवसेना-भाजप युतीचा जोर. राज्यात युतीचं सरकार, लोकसभेला युतीच्या ३३ जागा. पुण्याने? काँग्रेसचे कलमाडी.

२०२४: राज्यात महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. पुण्यात महायुतीचे, म्हणजे भाजपचे मुरलीधर मोहोळ १ लाख २३ हजारांनी.

हे जर वाऱ्याबरोबर जाणं असेल तर पुण्याचा पतंग दोन बोटांनी उलटा धरलाय. माझ्या मते पुणं वाऱ्याबरोबर जात नाही आणि माणूसही बघत नाही. पुणं शेजाऱ्याचं बघून मुद्दाम उलटं करतं. आमच्या सोसायटीच्या बैठका बघून हे मला फार आधीच कळायला हवं होतं.


पर्वतीपायथा

आकडेमोड, वारा मुंबईहूनच सुटतो असं कोण म्हणालं? १९९१ ला पुण्यात रथयात्रेनंतरचा वारा होता. मध्यमवर्गात तो जोरात होता, ग्रामीण महाराष्ट्रात नव्हता. २०२४ ला महाराष्ट्रात पक्षफुटीचा राग होता, कांदा होता, सोयाबीनचा भाव होता. कोथरूडमध्ये कांदा पिकत नाही हो, चिरतात फक्त. तिथे दिल्लीचाच वारा.


आकडेमोड

म्हणजे वारा कुठला ते निकाल लागल्यावर ठरवायचं. असा सिद्धांत मलाही आवडेल, कधी चुकायचाच नाही. मग १९९६ ला कुठला वारा? दिल्लीत काँग्रेस हरली, मुंबईत युती बसलेली, आणि पुण्यात हात. यालाही एखादा स्थानिक वारा असेलच, खडकवासल्यावरून येणारा.


मास्तर_७४

तुम्हा दोघांच्याही जन्माआधीचं थोडं सांगतो. हँडलमधला आकडा वयाचा आहे, जन्मसालाचा नव्हे.

१९६७ ला मी शाळेत होतो. आमचे वडील काँग्रेसचे, खादीवाले, सूत कातणारे. त्यांनी त्या वर्षी एसेमना मत दिलं आणि ते घरात कोणाला कळू नये म्हणून आठ दिवस गप्प होते. आईला कळलं, कारण तिनेही तेच केलं होतं. एसेम आमच्या गल्लीत यायचे ते पायी. झब्बा, खांद्याला शबनम. त्यांच्या राजकारणाशी मतभेद असलेली माणसंसुद्धा त्यांना खोटं ठरवू शकत नसत. याला तुम्ही वारा म्हणत असाल तर म्हणा. महाराष्ट्रात तेव्हा समाजवाद्यांचा वारा नव्हता, हे आकडेमोडांनी आकड्यांत सांगितलंच आहे.

धारियांबद्दल मात्र पर्वतीपायथा अन्याय करतायत. हा माणूस इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात होता. जयप्रकाश नारायणांशी बोला, असं म्हणाला म्हणून १९७५ च्या मार्चमध्ये, आणीबाणीच्या आधीच, त्याला काढलं. पुढे तुरुंग. १९७७ ला तो उभा राहिला तेव्हा पुण्याने सत्तेवर लाथ मारून आलेल्या माणसाला मत दिलं. निकालाच्या रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर फळ्यावर खडूने आकडे लिहीत. आम्ही तिथेच चहा पीत उभे. फळा पुसून नवा आकडा लिहिला की टाळ्या. इंदिराबाई रायबरेलीत मागे असल्याचा आकडा आला तेव्हा मात्र टाळ्या नाही वाजल्या, एकदम शांतता झाली. पहाटे चालत घरी गेलो.


पर्वतीपायथा

मास्तर, नमस्कार. आठवण वाचून अंगावर काटा आला, खरंच. पण मुद्दा सोडत नाही. १९७७ ला धारियांच्या जागी जनता पक्षाने दुसरं कोणी उभं केलं असतं तर पुण्याने पाडलं असतं का? नसतं. मग माणूस बघितला हे कसं म्हणायचं? माणूस चांगला निघाला हे पुण्याचं नशीब.


मास्तर_७४

पाडलं असतं की नसतं हे तुम्हाला कसं कळलं? मला तरी कळलेलं नाही.


लष्करवाला

इथे "पुणेकर, पुणेकर" चाललंय ते वाचून हसू येतंय. एक तुमचे पुणेकर सदाशिव-नारायणमधले, दुसरे तिथून कोथरूडला गेलेले. आम्ही कॅम्पातले, भवानी पेठेतले, येरवड्यातले, ताडीवाला रोडचे, आम्ही कोण? १९५२ पासून मतं आम्हीही देतोय.

आणि तुम्ही ज्या यादीवरून भांडताय ती एका मतदारसंघाची यादीच नाही. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेआधी पुणे लोकसभेत होते बोपोडी, शिवाजीनगर, पर्वती, कसबा, भवानी पेठ आणि कॅन्टोन्मेंट. फेररचनेनंतर बोपोडी आणि भवानी पेठ ही नावंच गेली, त्यांच्या जागी कोथरूड आणि वडगाव शेरी. राखीव जागा पर्वतीवरून कॅन्टोन्मेंटवर. कलमाडी १९९६ आणि २००४ ला जिंकले ते जुन्या नकाशावर. बोपोडी, भवानी पेठ, कॅन्टोन्मेंट, पर्वतीच्या वस्त्या यांची बेरीज करून काँग्रेस उभी राहायची. नकाशा बदलला आणि २००९ ला तेच कलमाडी कसेबसे पंचवीस हजारांनी निघाले, तेसुद्धा मनसेने सत्तर हजारांच्या वर मतं खाल्ली म्हणून.

२०२४ ला सहापैकी पाच विभागांत मोहोळ पुढे, फक्त आमचा कॅन्टोन्मेंट काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांकडे. एकट्या कोथरूडने मोहोळांना चौऱ्याहत्तरेक हजारांची आघाडी दिली. तेव्हा वारा, माणूस ही चर्चा कोथरूडने करावी. आमच्याकडे चर्चा अशी असते की बूथ या वेळी कुठल्या शाळेत गेलंय आणि यादीत नाव आहे की उडालं. मागच्या वेळी आमच्या चाळीतली अकरा नावं उडाली होती. त्यातली दोन माणसं मेलेली होती, नऊ चहा पीत बसली होती.


आकडेमोड

लष्करवाला, फेररचनेचा मुद्दा एकदम मान्य, मी तो धरलाच नव्हता. फक्त १९९१ मात्र जुन्याच नकाशावरचं, आणि तेव्हाही भाजप जिंकला. म्हणजे नकाशाने सगळं उलगडत नाही.


लष्करवाला

१९९१ ला विठ्ठलरावांना त्यांच्याच पक्षातल्या मंडळींनी पाडलं असं आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण काँग्रेसला पुण्यात हरवायला बाहेरच्या माणसाची गरज क्वचितच पडली आहे, हे तर कुठलाही काँग्रेसवाला दुसऱ्या चहाला कबूल करतो.


भरतनाट्य_शेजारी

मी भाजपचा मतदार आहे, आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी शोध लावायला नको.

या धाग्यात एक गंमत चाललीय. समाजवादी निवडून आले की "विचार", काँग्रेस आली की "विकास", आणि भाजप आला की "वारा", "लाट", "चिन्हाला मत". का हो? अण्णा जोशी काय आभाळातून पडले का? नगरसेवक, आमदार, मग खासदार. गिरीश बापट १९९५ पासून सलग पाच वेळा कसब्याचे आमदार. कोणाच्या घरी बारसं, कोणाच्या घरी तेरावं, माणूस हजर. त्याआधी हरलेलेसुद्धा आहेत. अण्णा जोशी १९९१ ला लोकसभेवर गेले, त्यांच्या रिकाम्या कसब्यात पोटनिवडणूक झाली, आणि काँग्रेसच्या वसंत थोरातांनी बापटांना पाडलं. लोकसभेला कमळ आणि लगेच नंतर त्याच पेठांत हात. हीच पेठ २०२३ ला पुन्हा तशीच वागली, धंगेकर अकराएक हजारांनी जिंकले. आणि चौदा-पंधरा महिन्यांत त्याच धंगेकरांना कसब्यातही मोहोळांच्या मागे ठेवलं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला तर भाजपचे हेमंत रासने आले. लाटेवर वाहणारी माणसं असं मोजूनमापून मत देतात होय?

मोहोळांचंही तेच. मुळशीहून आलेला, तालमीतला पोरगा, नगरसेवक, स्थायी समिती, करोनाच्या काळात महापौर. तुम्हाला तो आवडो न आवडो, पण त्याला चिन्हाने उचललं हे म्हणणं म्हणजे तीस वर्षांची पायपीट पुसणं.


पर्वतीपायथा

शेजारी, कसब्याचा १९९१ चा दाखला मला माहीत नव्हता, नोंद केली. पण मी समाजवाद्यांनाही वाराच म्हटलंय, वर वाचा. भाजपवर वेगळा राग नाही. २०१९ ला बापट ३ लाख २४ हजारांनी जिंकले. बारसं-तेराव्याने कसबा मिळतो. सव्वातीन लाख बारशी कोणी केली?


भरतनाट्य_शेजारी

ह्या ह्या. हे मात्र बरं होतं.


नळस्टॉप

कलमाडींना इतक्या पटकन पार करू नका राव. या मतदारसंघाचा खरा तमाशा १९९६ ते २०१४ याच काळात आहे.

१९९६ ला हे गृहस्थ रेल्वे राज्यमंत्री, काँग्रेसचे खासदार. १९९८ ला काँग्रेसबाहेर, अपक्ष उभे, आणि पाठिंबा कोणाचा तर भाजप-शिवसेनेचा! ज्या कमळवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी त्यांच्याविरुद्ध घसा फोडला होता त्यांनीच त्यांच्या चिठ्ठ्या वाटल्या. काँग्रेसने, म्हणजे तेव्हाच्या शरद पवारांनी, हडपसरचे विठ्ठल तुपे उभे केले आणि तुपे निवडून आले. वर्षभरात सरकार पडलं, पवारांनी राष्ट्रवादी काढली, मतं फुटली आणि १९९९ ला भाजपचे प्रदीप रावत. २००४ ला कलमाडी परत, हातावर. २००७ ला महापालिकेत कलमाडींना बाहेर ठेवायला राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना एकत्र, त्याचं नाव "पुणे पॅटर्न". २००९ ला पुन्हा कलमाडी, समोर भाजप, मनसे आणि हत्तीवर बसलेले डीएसके. बांधकाम व्यावसायिक बसपाच्या तिकिटावर आणि पेठांमध्ये त्याचे मेळावे, हे फक्त या शहरात घडू शकतं. साठ हजारांच्या वर मतंही मिळाली.

यात माणूस कुठे, वारा कुठे? इथे आहे नुसती सोंगट्यांची मांडणी. समोरची मतं कशी फुटतात यावर खासदार ठरला. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीने सगळे विरोधक एकत्र बांधले म्हणून काकासाहेब पडले. १९६२ ला समिती फुटली म्हणून मोरे आले. पर्वतीपायथांच्या पानशेतच्या कोड्याचं उत्तर एवढंच आहे. चिखल वाळला नव्हता हे खरं, पण राग टाकायला एकच पेटी नव्हती.

राहिला कलमाडींचा शेवट. २०११ मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या गैरव्यवहार प्रकरणात अटक झाली, पक्षाने निलंबित केलं, पुण्यात काँग्रेसची जी तालीम होती ती बसली. २०२५ मध्ये ईडीचा क्लोजर रिपोर्ट कोर्टाने स्वीकारला. तोवर पुण्यात काँग्रेसला तीन निवडणुकांत तीन वेगळे उमेदवार शोधावे लागले होते. विश्वजित कदम, मोहन जोशी, धंगेकर. त्यातले धंगेकर आधी शिवसेना, मग मनसे, मग काँग्रेस, आणि आता शिंद्यांची शिवसेना.


आकडेमोड

फाटाफुटीचा मुद्दा पानशेतला चपखल. पण २०१४ आणि २०१९ ला लावून बघा, तुटतो. कदमांना अडीच लाख मतं, मनसेच्या पायगुड्यांना नव्वद हजारांच्या वर, आम आदमी पक्षाला काही हजार, सगळी एका पेटीत ओतली तरी शिरोळ्यांचे पावणेसहा लाख गाठत नाहीत. २०२४ ला वसंत मोरे वंचित बहुजन आघाडीकडून उभे होते, बत्तीसेक हजार मिळाले. सगळी धंगेकरांना दिली तरी नव्वद हजारांनी हरतात.


नळस्टॉप

बरोबर. २०१४ पासून मांडणीचा खेळ संपला. म्हणून तर रस संपला.


लष्करवाला

रस संपला म्हणजे कोणाचा? तुमचा. आमच्याकडे त्या दिवशीही रांग होती.


औंधातली_सई

मला एक कळत नाही. सगळे इतके तावातावाने भांडताय, पण २०२३ विसरलात? बापट २९ मार्च २०२३ ला गेले. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत. कायदा म्हणतो सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या, एक वर्षापेक्षा कमी मुदत उरली असेल तरच सूट. इथे वर्षाहून जास्त उरली होती. तरी निवडणूक आयोगाने घेतली नाही. आयोग बाकीच्या निवडणुकांच्या तयारीत आहे, अशी काहीतरी सबब. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने आयोगाला चांगलं फैलावर घेतलं आणि ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. सगळं मिळून चौदा महिने पुण्याला खासदार नव्हता.

पुण्याला! सोसायटीच्या गच्चीच्या किल्लीवरून न्यायालयात जाणारं हे शहर. आणि चौदा महिने खासदार नाही म्हणून किती लोक रस्त्यावर उतरले? एका नागरिकाने याचिका केली, म्हणून निदान कागदावर तरी आलं. बाकी सगळे आपापल्या कामाला. मला वाटतं माणूस की वारा हा प्रश्न त्या चौदा महिन्यांतच निकाली निघाला. पुण्याला खासदार लागतच नाही.

आणि दुसरं. वर आतापर्यंत खासदारांची तेरा नावं आली. गाडगीळ, गोरे, मोरे, जोशी, धारिया, गाडगीळ, जोशी, कलमाडी, तुपे, रावत, शिरोळे, बापट, मोहोळ. एकही बाई नाही. १९५२ ला पुण्याला दोन जागा होत्या, पुणे मध्य आणि पुणे दक्षिण. मध्यमधून काकासाहेब. दक्षिणमधून कोण, एकाने तरी लिहिलं का? इंदिरा मायदेव, काँग्रेसच्या. त्यानंतर आजतागायत या शहराने लोकसभेवर एकही बाई पाठवलेली नाही. मुलींची पहिली शाळा भिडे वाड्यात, म्हणून फलक लावायला पुढे.


पर्वतीपायथा

सईताई, इंदिराबाई मायदेवांचं नाव माझ्या यादीत होतं. लिहायचं राहिलं.


औंधातली_सई

राहिलं ना? तेच म्हणतेय.


भरतनाट्य_शेजारी

ताई, राज्यसभेवर मेधाताई कुलकर्णी आहेत की. त्याआधी राष्ट्रवादीच्या वंदनाताई चव्हाण दोन टर्म होत्या. महापौर तर किती बायका झाल्या, मुक्ताताई टिळक भाजपच्या पहिल्या महापौर.


औंधातली_सई

राज्यसभेला पुणेकर मत देतात का? तिथे आमदार देतात. महापौर नगरसेवक निवडतात, आणि आरक्षणाची सोडत निघते. जिथे पुणेकराला स्वतः जाऊन लोकसभेचं बटण दाबायचंय तिथलं विचारतेय. आणि मेधाताईंचं तर तुम्ही काढूच नका, त्यांचं कोथरूडचं तिकीट २०१९ ला कापून कोल्हापूरच्या पाटलांना दिलं होतं. तिथे माणूस बघितला होता का वारा?


नळस्टॉप

शेजारी, पाणी प्या.


मास्तर_७४

सईताईंच्या पहिल्या मुद्द्याशी सहमत नाही, दुसऱ्याशी आहे. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या पिढीनेही विचारलं नाही. एसेमच्या सभेला आई यायची ती बायकांच्या बाजूला, सतरंजीवर. व्यासपीठावर कोण आहे हे बघायची, कोण नाही हे आम्ही कोणी बघितलं नाही.

पहिल्याबद्दल, खासदार नसताना पुणेकर गप्प राहिला हे खरं, पण २०१९ ला तो मतदानालाही निम्मा घरीच होता, पन्नास टक्केही झालं नव्हतं. २०२४ ला त्रेपन्नच्या आसपास. म्हणजे तुम्ही लोक ज्या "पुण्याने" माणूस बघितला की वारा यावर भांडताय, त्यातलं निम्मं पुणं त्या दिवशी लोणावळ्याला होतं.


धायरीकर

उशिरा आलो, वाचून काढलं सगळं. मी जन्मापासून पुणेकर, शाळा पेठेत, नोकरी डेक्कनला, घरपट्टी पुणे महापालिकेला भरतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्याचा तिसरा हिस्सा घालवलाय. आणि लोकसभेचं मत देतो बारामतीला. खडकवासला विधानसभा बारामतीत घातलीय. माझा मेहुणा हडपसरला, तो मत देतो शिरूरला. आमचे सासरे कोथरूडला, ते पुण्यात. एका घरातली दिवाळी, तीन खासदार. तेव्हा "पुण्याने काय केलं" यावर मी काय बोलणार, मला तर कधी विचारलंच नाही.

सईताई, आमच्याकडे मात्र २००९ पासून बाई खासदार आहे. २०२४ ला तर समोरासमोर दोन्ही बायकाच होत्या, नणंद-भावजय. आमच्या खडकवासल्यातून सुनेत्रा पवार पुढे होत्या, आणि निवडून सुप्रियाताई आल्या. म्हणजे आम्ही मत दिलेलं वायाही गेलं आणि बाईही निवडून आली.


औंधातली_सई

धायरीकर, तुमच्याकडे एखादा टू बीएचके मिळेल का?


धायरीकर

मिळेल. पाण्याचा टँकर मात्र स्वतः मागवावा लागेल.


पर्वतीपायथा

माझ्या मूळ वाक्यात दुरुस्ती करतो. "पुण्याने माणूस बघून मत कधीच दिलं नाही" यातलं "कधीच" काढतो. १९६७ मास्तरांना दिलं. बाकी कायम.


आकडेमोड

१९९१ आणि १९९६ चं काय?


पर्वतीपायथा

१९९६ देतो. १९९१ देत नाही.